निबंधाचे गुण

आपल्या भाषेंत ‘गुण’ ह्या शब्दाकडून आपण पुष्कळ कामें करून घेतों. मनुष्याच्या अंगचा चांगुलपणा तो गुण. औषधानें उतार पडला म्हणजे ‘गुण आला’ असें आपण म्हणतों. काव्यशास्त्रांतले माधुर्य, ओज व प्रसाद हेहि गुणच. आणि परीक्षेच्या निकालपत्रांत विषयापुढें जो आंकडा छापलेला असतो त्यासहि आपण गुण हेंच नांव दिलें आहे. पहिल्या तीन ठिकाणीं एखाद्या वस्तूंत काय आहे तें सांगितलेलें असतें. चौथ्या ठिकाणीं किती आहे एवढेंच कळतें. काय आहे तें कोणी सांगत नाहीं व सहसा कोणी विचारीतहि नाहीं. हा भेद नुसता शब्दापुरता आहे असें आम्हांस कालपरवांपर्यंत वाटत असे. एका विद्यार्थिनीच्या साध्या प्रश्नामुळें तो समज टिकला नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेख.

आमच्या अध्यापनास आतां तीस वर्षें होत आलीं. पदवीच्या शेवटच्या वर्गास लोकवाङ्‌मय हा विषय असतो. त्यावर २० गुणांचा एक निबंध विद्यार्थ्यांनीं घरीं लिहून आणावयाचा व आम्हीं तो तपासावयाचा असा क्रम आहे. गेल्या वर्षीं आम्हीं ‘जात्यावरील ओवी’ हा विषय दिला. साताऱ्याकडील एका खेड्यांतून आलेल्या एका मुलीनें जो निबंध आणला त्यांत लोकवाङ्‌मयाची व्याख्या नव्हती, ओवीच्या प्रकारांची यादी नव्हती, नामांकित अभ्यासकांचीं मतें नव्हतीं. तिनें केलें होतें तें इतकेंच कीं, पडवींत कित्येक वर्षें पडून असलेलें जातें झाडून-पुसून त्यापुढें आपल्या आजीस बसविलें आणि जुन्या ओव्या म्हणावयास सांगितल्या. नुसतें बसून आजीस ओवी आठवेना. खुंट्यावर हात पडला व जातें फिरूं लागलें तेव्हां ती आठवूं लागली. जातें रिकामें असतां चरण लौकर उरकत, जोंधळे घातले म्हणजे लांबत. वैरण घालतांना हात जेथें किंचित् मंदावे तेथेंच आजीचा आवाज विसावा घेई. ह्यावरून त्या मुलीनें असें अनुमान काढलें होतें कीं, ह्या ओव्यांचे चरण अक्षरें मोजून पाहिल्यास लहानमोठे भरतात ह्याचें कारण रचणारीचें अज्ञान नव्हे. तिचें माप अक्षरांत नसून हाताच्या फेऱ्यांत होतें.

ह्या निबंधास आम्हीं २० पैकीं ९ गुण दिले. आजीची हकीकत ज्या पानावर होती त्याच्या समासांत तांबड्या शाईनें ‘विषयांतर’ असा शेरा मारला. त्याच गठ्ठ्यांत दुसरा एक निबंध होता. त्यांत आरंभीं व्याख्या, मग एक ते सहा अशीं वैशिष्ट्यें, प्रत्येकाखालीं एक उदाहरण, आणि शेवटीं ‘अशा प्रकारें’ ह्या शब्दांनीं सुरू होणारा समारोप होता. बाजारांत मिळणाऱ्या गाइडांतून तो उतरला आहे हें आम्हांस दिसत नव्हतें असें नाहीं. पण वाक्यें शुद्ध होतीं, अक्षर सुरेख होतें, मागितलेलें सर्व कांहीं जागच्या जागीं होतें. त्यास १५ गुण पडले.

निबंध परत दिल्यावर ती मुलगी आमच्या खोलीत आली. असे विद्यार्थी बहुधा एक-दोन गुण वाढवून मागण्यास येतात, म्हणून आम्हीं मनांतल्या मनांत नकाराची तयारी केली होती. ती म्हणाली, “सर, गुण वाढवून मागायला मी आलें नाहीं. ह्या नऊ गुणांत काय काय आहे तेवढं सांगाल का? म्हणजे काय चुकलं तें मला कळेल.” मांडणी विस्कळित आहे, संदर्भ अपुरे आहेत, असें आम्हीं सांगितलें, शिक्षकाच्या तोंडीं हीं वाक्यें तयारच असतात. तिनें विचारलें, “मग आजीचं पान काढून टाकूं का?” ह्यावर आम्हांस कांहीं बोलतां येईना, कारण त्या सबंध गठ्ठ्यांत आम्हांस अजून आठवत होतें असें तेंच एक पान होतें. “बघूं या,” असें कांहीं तरी म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. ती नमस्कार करून गेली.

त्या रात्रीं आम्हीं एक प्रयोग केला. आदल्या वर्षाचे कांहीं निबंध कपाटांत पडून होते; त्यांवरचे आंकडे कागदानें झांकून ते आम्हीं पुन्हां तपासले. ज्यास पूर्वीं १४ दिले होते त्यास आतां १० पडले. दुसऱ्या एकाचे ८ होते त्याचे १२ झाले. निबंध तेच, परीक्षक तोच, तांबडी शाईहि तीच. परीक्षेच्या न्यायीपणावर आम्हीं ज्या वर्गापुढें अनेकदां बोललों त्या वर्गाची आम्हांस त्या रात्रीं लाज वाटली.

ही स्थिति आमच्या एकट्याची असती तर ती खासगी ठेवून आम्हीं प्रायश्चित्त घेतलें असतें. परंतु ह्या रोगाची परीक्षा फार पूर्वींपासून होत आली आहे. एज्‌वर्थ ह्या अर्थशास्त्रज्ञानें १८८८ सालीं गुणांतील चुकीस संख्याशास्त्राचे नियम लावून दाखविले. त्यानंतर सर फिलिप हार्टोग ह्यांनीं ऱ्होड्‌स ह्यांच्या साह्यानें इंग्लंडांत जे प्रयोग केले त्यांचें लहानसें पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. हार्टोग हे आपल्या देशास परके नव्हत. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरु होते, आणि हिंदुस्थानांतील शिक्षणाच्या वाढीविषयींचा १९२९ चा अहवाल त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. त्यांनीं इतिहासाच्या अशा १५ उत्तरपत्रिका निवडल्या कीं, मूळ परीक्षेंत त्या सर्वांस सारखेच मध्यम गुण मिळाले होते. निरनिराळ्या अनुभवी परीक्षकांकडून त्या तपासून घेतल्या तेव्हां त्यांस चाळीसांवर वेगवेगळे आंकडे पडले. पुढें वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्यांपैकीं १४ परीक्षकांकडे त्याच पत्रिका पुन्हां धाडल्या. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण कीं विशेष योग्यतेचा, एवढाच निर्णय पाहिला तरी २१० पैकीं ९२ ठिकाणीं परीक्षकाचा निर्णय त्याच्याच पहिल्या निर्णयाहून निराळा निघाला. ह्या ९२ पैकीं प्रत्येक ठिकाणीं एक मुलगा आहे, व त्याच्या घरीं निकालाची वाट पाहणारें एक कुटुंब आहे, असें मानून तो आंकडा पुन्हां वाचावा.

ह्याहून बोधप्रद प्रयोग अमेरिकेंत झाला. १९६१ सालीं डीडरिख व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांस दिले. ह्या वाचकांत भाषेचे शिक्षक होतेच. पण समाजशास्त्रांचे व सृष्टिशास्त्रांचे अध्यापक, लेखक व संपादक, वकील आणि व्यापारी हेहि होते. निबंधांची प्रतवारी एक ते नऊ अशी करावयाची होती व निकष कोणते लावावे हें ज्यावर त्यावर सोडलें होतें. ३०० पैकीं १०१ निबंधांस एकपासून नऊपर्यंत सर्वच्या सर्व प्रती मिळाल्या, आणि पांचांहून कमी निरनिराळ्या प्रती मिळाल्या असा एकहि निबंध निघाला नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, परीक्षक बेफिकीर असतात हेंच सिद्ध झालें. आमच्या मतें डीडरिख ह्यांच्या प्रयोगाचें सार तें नाहीं. त्यांनीं पुढें असें शोधून काढलें कीं, ह्या ५३ जणांचे पांच पंथ पडतात. एक पंथ विचारांस महत्त्व देतो, दुसरा मांडणीस, तिसरा लेखकाच्या व्यक्तित्वाच्या छटेस, चौथा शुद्धलेखन व व्याकरणास, पांचवा शब्दयोजनेस. प्रत्येक जण आपापल्या परीनें प्रामाणिक होता. मात्र आपण निबंधाचें कोणतें अंग मोजीत आहों हें तो सांगत नव्हता. एकच आंकडा टाकून मोकळा होत होता. एकानें शेरांत धान्य मोजावें, दुसऱ्यानें गजांत कापड मोजावें, आणि दोघांच्या आंकड्यांची बेरीज करून वाण्यानें हिशेब पुरा झाला म्हणावें, तसा हा व्यवहार आहे. आमच्या ९ गुणांत आम्हीं मांडणी मोजली होती. विचार मोजलाच नव्हता. त्या मुलीस हें कळण्याचा मार्ग नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तिनें विचारीपर्यंत कळलें नव्हतें.

आपल्याकडील जुन्या साहित्यशास्त्राकडे ह्या दृष्टीनें पाहिलें असतां फार मौज वाटते. काव्याचे गुण किती ह्याविषयीं आपल्या पूर्वजांचें एकमत मुळींच नव्हतें. भरतानें दहा सांगितले. वामनानें शब्दाचे दहा व अर्थाचे दहा असे वीस केले. मम्मटानें ते सर्व आटवून तीनावर आणले. परंतु ह्या वादांत प्रत्येक गुणास नांव होतें, आणि नांव होतें म्हणूनच वाद शक्य झाला. वामनाचे कांहीं गुण आपल्या तिहींतच येतात, कांहीं म्हणजे केवळ दोषाचा अभाव होय, आणि कांहीं तर प्रसंगविशेषीं दोषच ठरतात, असें मम्मटास सकारण म्हणतां आलें. दोषांविषयींहि तेंच. श्रुतिकटु, निरर्थक, संदिग्ध, क्लिष्ट, ग्राम्य अशीं एकेका दोषाचीं नांवें त्यांनीं ठरविलीं व कोणत्या शब्दांत तो दोष आहे हें बोट ठेवून दाखविलें. ह्यांतल्या कोणीहि एखाद्या श्लोकास ‘शंभरांपैकीं साठ’ म्हटलें नाहीं. त्यांच्या दोषदर्शनानें एखादा कवि रागावला असेल, पण त्यास उत्तर देण्यास जागा होती. नुसत्या ९ ह्या आंकड्यास उत्तर कसें देणार? आंकड्याचें खंडनहि करतां येत नाहीं आणि त्यापासून शिकतांहि येत नाहीं. विद्यार्थ्यांच्या चडफडण्याचें मूळ, आमच्या समजुतीप्रमाणें, गुण कमी पडण्यापेक्षां ह्या मुकेपणांत अधिक आहे.

ह्यावर जे उपाय सुचविले जातात त्यांचाहि विचार केला पाहिजे. पहिला उपाय निकषांच्या तक्त्याचा: मांडणीस इतके, संदर्भांस इतके, भाषेस इतके, असे गुण आधींच वांटून द्यावे. ह्यानें परीक्षकांतला मेळ वाढतो हें खरें, आणि तक्ता विद्यार्थ्यांस आधीं दाखविला तर त्याची कांहीं समजूतहि पडते. पण तक्ता हळूहळू लेखकाच्या मानेवर बसतो, आणि ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण चीनचें आहे. तेथील राजपरीक्षांत परीक्षकास हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून उत्तरें कारकुनांकडून दुसऱ्या कागदावर उतरवून घेण्याची पद्धत सुंग राजवटीपासून होती. निःपक्षपाताची ह्याहून अधिक काळजी कोणीं घेतली असेल असें वाटत नाहीं. तरीहि मिंग व चिंग राजवटींत त्या परीक्षांचा निबंध आठ ठराविक अवयवांत असा कांहीं जखडला गेला कीं, पिढ्यानुपिढ्या बुद्धिमान् माणसें तोच सांचा भरण्यांत झिजलीं. शेवटीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तो निबंध रद्द झाला आणि १९०५ सालीं त्या परीक्षाच बंद पडल्या. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हांपासून मराठी निबंधाची शान मानली जाते. पण शास्त्रीबोवांचा एखादा ऐसपैस निबंध नांव झांकून आजच्या तक्त्यानें तपासला तर शब्दमर्यादेपायीं व विषयांतरापायीं त्याचे किती गुण कापले जातील, ह्याचा हिशेब आमच्या व्यवसायबंधूंनीं एकदां खासगींत करून पाहावा.

दुसरा उपाय यंत्राचा. निबंध तपासण्याचें काम संगणकास शिकविण्याचा उद्योग एलिस पेज ह्यांनीं १९६६ सालीं अमेरिकेंत आरंभिला, आणि १९९९ पासून तेथील व्यवस्थापन-शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेंत माणसाच्या जोडीस यंत्रपरीक्षक बसला. यंत्र थकत नाहीं, रागावत नाहीं, एका निबंधास दोनदां तपासून दोन आंकडे देत नाहीं. तथापि २०१४ सालीं लेस पेरेलमन ह्या प्राध्यापकानें कांहीं विद्यार्थ्यांच्या मदतीनें असें एक यंत्र रचलें कीं, त्यास दोन-तीन शब्द दिले असतां तें भारदस्त पण सर्वस्वी अर्थहीन निबंध क्षणांत लिहून देई. आणि परीक्षक-यंत्रें अशा निबंधांस उत्तम गुण देत. अलीकडचीं यंत्रें ह्याहून पुष्कळ चतुर आहेत व शेरेहि लिहितात. पण आमच्यासारख्यांनीं आधींच यंत्र होऊन जे निबंध तपासले ते यंत्राकडे सोंपविल्यानें आमची लाज मात्र झांकेल.

तिसरा मार्ग कायद्याचा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थ्यास अधिकार आहे असा निर्णय माहितीच्या अधिकाराखालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला. तो योग्यच झाला. बेरजेच्या चुका व न तपासलेलीं पानें त्यामुळें उजेडांत येतात. पण निबंधाच्या बाबतींत विद्यार्थ्याच्या हातीं काय येतें? समासांतल्या दोन-चार खुणा, आणि वर्तुळांत घातलेला तोच आंकडा. कारण जेथें लिहिलेंच गेलें नाहीं तेथें कागद दाखवून काय कळणार?

परीक्षकाची बाजूहि सांगितली पाहिजे. ती आमचीच बाजू आहे. समोर दीडशें-दोनशें निबंध असतात, निकालाची तारीख ठरलेली असते, पन्नासाव्या निबंधास मान अवघडते आणि शंभराव्यास सर्व निबंध एकाच माणसानें लिहिले आहेत असें वाटूं लागतें. पुष्कळदां तें खरेंहि असतें. विद्यार्थ्यांतहि असे बरेच आहेत कीं, आपण रात्रभर जागलों एवढ्यावर त्यांस गुण हवे असतात. लेखन कच्चें आहे असें कोणीं नांव घेऊन दाखविलें तर त्यांस अपमान वाटतो. शिवाय भाषेची शुद्धि, पुराव्याची काळजी आणि मांडणीची शिस्त ह्या गोष्टी शिकविणें हें आमचें कर्तव्यच आहे. त्या मुलीचा निबंधहि ह्या बाबतींत निर्दोष नव्हता. एकाच आजीच्या एकाच जात्यावरून तिनें साऱ्या महाराष्ट्राच्या ओवीविषयीं विधान केलें होतें. दुसऱ्या दोघी-चौघींस बसवून पाहावयास हवें होतें. हा खरा दोष होता, आणि सांगण्याजोगा होता. आम्हीं तो सांगितला नाहीं. ज्यांत तिचा गुण होता त्याच पानावर दोषाचा शिक्का मारून आम्ही पुढच्या निबंधाकडे वळलों.

ह्या चुकीचें फळ पुढच्या सत्रांत दिसलें. त्या मुलीनें दुसरा निबंध आणला. आरंभीं व्याख्या होती, मग क्रमांक घातलेलीं वैशिष्ट्यें होतीं, चार अभ्यासकांचीं मतें होतीं, आणि समारोप ‘अशा प्रकारें’ ह्या शब्दांनींच सुरू झाला होता. तिचें स्वतःचें असें एकहि वाक्य आम्हांस त्यांत सांपडलें नाहीं. तक्त्याप्रमाणें त्यास १६ गुण होत होते, व ते आम्हींच दिले. न देण्यास आमच्यापाशीं कारण नव्हतें. निबंध घेतांना तिनें आंकडा पाहिला व कागद पिशवींत ठेवला. ह्या खेपेस तिनें कांहींच विचारलें नाहीं.

तेव्हां आम्हीं तिच्यापाशीं ओवीवरचा तो जुना निबंध मागितला. घरीं नेऊन दीड पान शेरा लिहिला: गुण कोणता, तो कोणत्या पानावर, दोष कोणता, तो कशानें जाईल. ‘विषयांतर’ हा शब्द खोडून त्याखालीं सही केली. वर्षाचा निकाल लागून गेला असल्यामुळें ९ चा आंकडा बदलतां आला नाहीं. तिनें तें दीड पान उभ्यानेंच वाचलें आणि म्हणाली, “सर, हें तेव्हांच लिहिलं असतं तर मी दुसरा निबंध असा लिहिला नसता.” ह्याचें उत्तर आमच्यापाशीं अजून नाहीं.

त्यानंतर आम्हीं आपल्यापुरता एक नियम केला आहे. आंकडा घालण्यापूर्वीं दोन वाक्यें लिहावयाचीं: एकांत गुणाचें नांव व जागा, दुसऱ्यांत दोषाचें नांव व जागा. जेथें हीं दोन वाक्यें सुचत नाहींत तेथें आम्हीं निबंध वाचलेला नाहीं असें समजून तो पुन्हां वाचावयाचा. ह्यास वेळ फार लागतो, म्हणून वर्षांत चार निबंध होते ते दोन केले. आंकडे अजूनहि चुकत असतील. पण चुकलेला आंकडा कशामुळें चुकला हें आतां विद्यार्थ्यास दाखवून देतां येतें, आणि तसें दोघांनीं दाखवूनहि दिलें आहे.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं शिकणारीं मुलें असतील. मूल निबंध घेऊन घरीं आलें म्हणजे ‘किती मिळाले?’ हा प्रश्न आपल्या तोंडून आपोआप निघतो. आमच्याहि निघत असे. त्याच्या आधीं ‘काय लिहिलंस?’ आणि ‘त्यावर काय म्हटलं आहे?’ हे दोन प्रश्न विचारावे, व दुसऱ्याचें उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें आल्यास मुलास तें शिक्षकाकडे नम्रपणें विचारावयास पाठवावें. आमच्या व्यवसायांतल्या पुष्कळांस तें प्रथम आवडणार नाहीं. आम्हांसहि आवडलें नव्हतें.